मराठीचा तास आणि किशोरांचे मन : आत्महत्या-प्रतिबंधासाठी साहित्य व लेखन

औषध कोणते द्यावे हे ठरविण्यापूर्वी डॉक्टर रुग्णाला एक साधा प्रश्न विचारतात, ‘काय होते आहे?’ त्याचे उत्तर देण्यासाठी रुग्णाजवळ शब्द असावे लागतात. पोट दुखते हे सहा वर्षांचे मूलही हात ठेवून दाखविते. परंतु मन कशाने झाकोळले आहे हे सोळा वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. ते ‘कंटाळा आला’ म्हणते, ‘डोके दुखते’ म्हणते, किंवा काहीच म्हणत नाही. आदिलाबाद जिल्ह्यात पंचवीसहून अधिक वर्षे मराठी शिकवीत असताना मला सतत जाणवत आले की, हे शब्द मुलांना देणे हे भाषेच्या तासाचेच काम आहे. आणि वेळेवर सापडलेला शब्द प्रसंगी जीव वाचवू शकतो. डॉक्टर मंडळींसमोर हा विषय मांडण्याची संधी स्मरणिकेच्या संपादकांनी दिली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. म्हणजे दररोज सरासरी पस्तीसहून अधिक. आपल्या तेलंगणात एप्रिल २०१९ मध्ये इंटरमिजिएटचा निकाल लागला, त्यात गुणांचे गोंधळ उघडकीस आले आणि त्यानंतरच्या काही दिवसांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. पुढे अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांची विनाशुल्क फेरपडताळणी झाली. ती जिवंत मुलांच्या उपयोगाची होती.

निकाल हे बहुधा निमित्त असते. त्यामागे नैराश्याचा आजार असू शकतो, घरातील भांडणे असू शकतात, कापसाच्या शेतीवरील कर्ज, वसतिगृहातील एकटेपणा, चिडवणे, प्रेमातील निराशा, यांतील एक किंवा अनेक गोष्टी असू शकतात. अनेक किशोरांच्या बाबतीत आत्यंतिक संकटाची घटका अल्पकाळाची असते. ती घटका टळली, कोणी जवळ बसले, तर पुढे उपचाराला वाव मिळतो. प्रतिबंधाचे सारे काम या एका गोष्टीवर उभे आहे.

येथे दोन गैरसमज आड येतात. पहिला असा की, विषय काढला तर मुलांच्या डोक्यात नसलेला विचार येईल. संशोधनाला याचा आधार मिळालेला नाही; उलट जिव्हाळ्याने सरळ विचारल्यास मुलाला हलके वाटते. दुसरा गैरसमज पोलिसांचा. प्रयत्न फसलेल्या मुलाला दवाखान्यात नेले तर गुन्हा दाखल होईल, या भीतीने पालक आजही गोष्ट झाकतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावयाचे आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे सरसकट कलम उरलेले नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की पालकांचा विश्वास बसतो.

तीन भाषांमधील मूल

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर मराठी बोलली जाते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा बदलली, घरातील भाषा बदलली नाही. आज आपले मूल घरी मराठी बोलते, बाजारात व बसमध्ये तेलुगू किंवा हिंदी बोलते, आणि दहावीनंतर इंग्रजी पुस्तकांपुढे बसते. गुण इंग्रजीत मिळवावयाचे, मैत्री तेलुगूत करावयाची आणि रडावयाचे मराठीत, अशी ही विभागणी आहे. दूरच्या निवासी महाविद्यालयात गेल्यावर तर तिसऱ्या भाषेत ऐकणारे कोणी उरत नाही.

मातृभाषेला शाळेत जागा देण्याची या जिल्ह्याला जुनी परंपरा आहे. १९४० च्या दशकात हायमेन्डॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, आणि गोंड मुलांसाठी गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. मराठीतील नामवंत इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी याच जिल्ह्यात अधिकारी असताना गोंडी भाषेचा अभ्यास केला. मुलाला समजून घ्यावयाचे तर आधी त्याच्या भाषेत शिरावे लागते, हे त्या मंडळींनी ओळखले होते. म्हणून माझ्या वर्गात लेखनाला भाषेची अट नसते. मराठीत, तेलुगूत, उर्दूत, गोंडीत किंवा मिसळून, जसे येईल तसे लिहावे.

साहित्य आधार देते, तसा आघातही करते

साहित्य हे दुधारी साधन आहे, हे शिक्षकाने आरंभीच ओळखावे. जर्मन कवी गटे याची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील प्रेमभग्न नायक आत्महत्या करतो. त्याचे अनुकरण होत आहे अशा भीतीने काही ठिकाणी पुस्तकावर बंदी आली. दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने वृत्तपत्रांतील गाजलेल्या आत्महत्यांनंतर अशा मृत्यूंची संख्या वाढते असे दाखविले आणि या परिणामाला ‘वेर्थर’चेच नाव दिले. व्हिएन्ना शहरात १९८७ मध्ये वृत्तपत्रांना बातम्या संयमाने देण्याविषयी मार्गदर्शक सूचना मिळाल्यावर तेथील भुयारी रेल्वेवरील आत्महत्या लक्षणीय प्रमाणात घटल्या.

याची दुसरी बाजू २०१० मध्ये पुढे आली. संकटात सापडलेल्या, परंतु आत्महत्येचा मार्ग न पत्करता त्यातून निभावलेल्या माणसाची हकीकत प्रसिद्ध झाली, तर तिचा उपयोग संरक्षणासारखा होऊ शकतो, असे ऑस्ट्रियातील संशोधकांना आढळले. मोत्सार्टच्या १७९१ मधील संगीतिकेत पापागेनो नावाचे पात्र निराशेने जीव द्यायला निघते, आणि तीन मुले त्याला दुसरा मार्ग सुचवितात. त्यावरून या परिणामाला पापागेनोचे नाव मिळाले. वर्गात आपल्याला वेर्थर नको, पापागेनो हवा. त्यासाठी पाठ निवडताना मी पुढील पथ्ये पाळते.

१. मृत्यूची रीत किंवा साधन यांचे वर्णन असलेला मजकूर वर्गात आणू नये.
२. आत्महत्येला त्याग, सूड किंवा थोरवी यांचे रूप देणारी कथा टाळावी.
३. पात्राचे दुःख खरे असावे. ‘सर्व काही छान आहे’ असा खोटा शेवट मुलांना लगेच ओळखता येतो.
४. पात्र कोणाकडे गेले, कोणाशी बोलले, मदत कशी मिळाली, हे दिसणारी कथा निवडावी.
५. चर्चेचा तास दुःखावर संपवू नये. ‘आता या पात्राने काय करावे?’ या प्रश्नावर संपवावा.

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता या कामी फार उपयोगी पडते. पुरात घरदार गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो. सरांचा हात खिशाकडे जातो, पण त्याला पैसे नको असतात. त्याला एकटे वाटत होते, म्हणून तो आलेला असतो. मुलांना मी तीन प्रश्न विचारते. हा मुलगा घराबाहेर का पडला? त्याला सर भेटलेच नसते तर तो आणखी कोणाकडे जाऊ शकला असता? तुम्ही सरांच्या जागी असता, तर नंतर काय केले असते? पहिल्या प्रश्नातून ‘मदत मागणे म्हणजे दुबळेपणा नव्हे’ हे मुले स्वतःच सांगतात. दुसऱ्यातून एकाऐवजी अनेक दारे दिसतात. तिसऱ्यातून ‘नुसता धीर देऊन भागणार नाही, त्याला योग्य ठिकाणी पोहोचवावे लागेल’ असे उत्तर निघते. धीराचे शब्द आजारी मनाला पुरे पडत नाहीत, हे त्याच वेळी सांगावे.

सानेगुरुजींविषयीचा प्रश्न

‘श्यामची आई’ शिकविताना एखादे मूल विचारतेच, ‘गुरुजी कसे वारले?’ काही शिक्षक हा प्रश्न टाळतात. मूल मात्र घरी जाऊन उत्तर शोधून काढते आणि मोठी माणसे या विषयावर बोलत नाहीत, एवढा धडा शिकते. मी उत्तर थोडक्यात व खरे देते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी आपले जीवन संपविले. तपशील मी सांगत नाही. त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते हे कोणीही पूर्णपणे सांगू शकत नाही. त्या मृत्यूला थोरवी देऊ नये आणि त्यावरून त्यांना हीनही लेखू नये. आपण त्यांच्याकडून घ्यावयाचे ते त्यांनी जगत असताना दिलेले. एक गोष्ट मी आवर्जून जोडते : नैराश्यावरील पहिली परिणामकारक औषधे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. आज मन दुखावले तर जी मदत मिळते, ती त्या काळी जगात कोठेही या स्वरूपात उपलब्ध नव्हती.

गुरुजींचा एक उपक्रम मात्र आजही अनुकरणीय आहे. १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना त्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांशी रोज लेखणीने बोलणारा शिक्षक, ही कल्पना आजच्या निवासी महाविद्यालयांनाही उपयोगी आहे.

लेखनाचे चार तास

लेखनाने मन हलके होते, हा अनुभव जुना आहे. त्याची शास्त्रीय तपासणी अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी केली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील क्लेशकारक घटनेविषयी लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना आरंभी अधिक उदास वाटले. पुढील महिन्यांत मात्र त्यांना दवाखान्याची पायरी इतरांपेक्षा कमी वेळा चढावी लागली. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम लहानच आढळला आहे. म्हणून लेखनाला मी उपचार समजत नाही, आणि ‘आपले सर्वांत मोठे दुःख लिहा’ असे मुलांना कधीही सांगत नाही. पात्रापासून आरंभ करून हळूहळू स्वतःपर्यंत यावे, असा क्रम मी ठेवला आहे.

पहिला तास : वाचलेल्या कथेतील अथवा कवितेतील पात्राला पत्र. मूल पात्राशी बोलता बोलता स्वतःचे बोलून जाते.

दुसरा तास : भावनांचा शब्दकोश. उदास, खिन्न, हिरमुसलेला, पोरका, घुसमट, कोंडमारा, उबग, हुरहुर, शरम, अपराधीपणा, असे शब्द फळ्यावर येतात. तेलुगूतील ‘बाध’ आणि ‘दिगुलु’ यांत फरक काय, हे तेलुगू मैत्रिणींना विचारून येण्याचे काम असते. ‘राग आला’ म्हणणारे मूल तासाअखेर ‘लाज वाटली’ म्हणू लागते. त्या एका बदलाने पालकांनाही त्याच्याशी वेगळे बोलता येते.

तिसरा तास : तीन दारे. घरातील एक, शाळेतील एक आणि बाहेरील एक, अशा तीन विश्वासाच्या माणसांची नावे व संपर्क लिहावयाचे. रात्री दोन वाजता कोणाला उठविता येईल, हेही लिहावयाचे.

चौथा तास : निकालाच्या आदल्या रात्री उघडावयाचे स्वतःला पत्र. याच वेळी पालकांकडूनही पाच ओळींचे पत्र मागवावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, इतरांनी लिहून घ्यावे. एका कापूस उत्पादक वडिलांच्या पत्रात मजकूर एवढाच होता की, निकाल काहीही लागो, संध्याकाळी जेवायला घरी यावे. त्या मुलाने ते पत्र पुस्तकाच्या वेष्टनात जपून ठेवले होते.

या लेखनाला गुण नाहीत, शुद्धलेखनाच्या लाल खुणा नाहीत, मोठ्याने वाचण्याची सक्ती नाही आणि न लिहिण्याची मुभा आहे. दोन गोष्टी आधीच स्पष्ट सांगाव्यात. वह्या मी वाचणार आहे. आणि कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर ते गुपित मी ठेवणार नाही. वह्या गोळा केल्या की त्याच दिवशी वाचाव्यात. शनिवारी हे लेखन देऊ नये, कारण रविवारी मुलाजवळ शाळेतील कोणी नसते.

वहीत काय दिसते आणि मग काय करावे

एखादी दुःखाची कविता लिहिली म्हणून घाबरू नये. किशोरवयात ती स्वाभाविक आहे. लक्ष ठेवावयाचे ते बदलावर. ‘मी नसतो तर सर्वांचे बरे झाले असते’ असा सूर, आपण घरावर ओझे आहोत ही भावना, सर्वांची क्षमा मागणे, निरोपाची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, दीर्घ अस्वस्थतेनंतर अकस्मात आलेली शांतता, या खुणा गंभीर समजाव्यात.

एका वर्षी एका वहीत तिन्ही दारांच्या जागा कोऱ्या होत्या. बाकी लेखनात काहीही खटकणारे नव्हते. त्या विद्यार्थिनीला एकीकडे बसवून विचारले, तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही, आणि नंतर थांबली नाही. त्याच दिवशी तिच्या आईला बोलावून दोघींना डॉक्टरांकडे नेण्यात आले. उपचार कित्येक महिने चालले. न विचारले असते तर काय झाले असते हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती कोरी जागा नसती, तर विचारण्याचे कोणालाही सुचले नसते.

अशा वेळी मुलाला एकांतात सरळ शब्दांत विचारावे, ‘जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे विचार येतात का?’ उत्तर ‘हो’ असेल तर उपदेश करू नये, शपथा घालू नयेत, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी’ असे म्हणू नये. ऐकून घ्यावे. त्याला एकटे सोडू नये. पालकांना बोलवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. घरातील औषधे व शेतातील फवारणीची द्रव्ये दुसऱ्या व्यक्तीच्या ताब्यात, कुलपात ठेवण्यास सांगावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीत व तेलुगूतही, बोलता येते. हा क्रमांक तिसऱ्या दाराखाली सर्वांनीच लिहावा.

दुर्दैवाने एखाद्या शाळेत अशी घटना घडलीच, तर श्रद्धांजलीच्या मोठ्या सभा, छायाचित्राची आरास आणि कारणांची जाहीर चर्चा टाळावी. लहान गटांत बोलावे, आणि जवळच्या मित्रमैत्रिणींकडे पुढील अनेक आठवडे लक्ष ठेवावे.

एकट्या शिक्षकाने होणार नाही

या संदर्भात दोन मोठे अभ्यास डॉक्टरांच्या परिचयाचे असतील. युरोपातील १० देशांच्या १६८ शाळांतील ११,११० विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटात विद्यार्थ्यांनी स्वतः नाट्यरूपाने प्रसंग उभे केले व चर्चा केली, त्यात वर्षभरानंतर आत्महत्येचे नवे प्रयत्न नियंत्रण-गटाच्या तुलनेत सुमारे निम्मे होते. केवळ शिक्षकांना चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण दिलेल्या गटात तसा फरक दिसला नाही. दुसरा अभ्यास बिहारमधील नालंदा जिल्ह्याचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. तेथे तक्रार व मनोगताची पेटी, भित्तिपत्रक, स्पर्धा आणि समुपदेशन असा कार्यक्रम होता. तो प्रशिक्षित समुपदेशकाने चालविला तेथे शाळेचे वातावरण सुधारले आणि नैराश्य व दांडगाई घटली. तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालविला तेथे परिणाम दिसला नाही.

शिक्षक म्हणून हा निष्कर्ष मला कडू वाटला, पण तो खरा आहे. पाठ्यक्रम, परीक्षा आणि नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली शिक्षक दार उघडू शकतो, पुढची वाट त्याला एकट्याने चालविता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवावयाची आहे. खेड्यांतील अनेक मराठी शाळा या दुसऱ्या वर्गातच मोडतात. त्यांचे ‘बाहेरील तज्ज्ञ’ कोण, या प्रश्नाचे उत्तर या स्मरणिकेच्या वाचकांकडेच आहे.

डॉक्टर मंडळींना विनंती

प्रत्येक शाळेला एका डॉक्टरांचे नाव मिळावे. शिक्षकाने पाठविलेल्या मुलाला त्याच दिवशी पाहिले जाईल एवढे आश्वासन त्यामागे असावे. त्या डॉक्टरांनी वर्षातून दोनदा, त्यांतील एकदा निकालापूर्वी, शाळेत येऊन पालकांशी त्यांच्याच भाषेत बोलावे. दवाखान्यात वारंवार डोकेदुखी, पोटदुखी, निद्रानाश यांसाठी येणाऱ्या किशोरांना आईवडिलांना बाहेर बसवून मनाविषयी एक प्रश्न विचारावा. गरज पडेल तेथे रिम्सच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे मुलाला नुसती चिठ्ठी न देता, वेळ ठरवून पाठवावे.

पुढील निकालापूर्वी जिल्ह्यातील प्रत्येक मराठी वर्गात तीन दारांचे पान लिहिले जावे, अशी माझी इच्छा आहे. पहिल्या दोन दारांची नावे मुले स्वतः शोधतील. तिसऱ्या दारावर लिहावयास मला आपल्यापैकी प्रत्येकाचे नाव हवे आहे.